पत्ता सांगणारी गाणी

मराठी माणसाला अनोळखी माणूस भेटला की पहिलं वाक्य 'बसा' असतं आणि दुसरं 'गाव कुठलं?' समोरच्यानं 'पुणे' म्हटलं तर आपलं समाधान होत नाही. 'पुण्यात कुठं?', 'मूळचे कुठले?' अशी चौकशी पुढे सरकते आणि एखाद्या मामाचा किंवा साडूचा धागा लागला की चहा टाकला जातो. आमच्या सिनेमातल्या गाण्यांनी मात्र ही चौकशी आजवर शिताफीनं चुकवली. नायक डोंगरावर गातो, पण डोंगर कोणत्या तालुक्यात येतो ते सांगत नाही. भावगीतात चंद्र असतो, तळं असतं, सातबारा नसतो.

रॅपवाली पोरं तसली नाहीत. तोंड उघडल्यापासून चार ओळींच्या आत गाव, गल्ली, कट्टा, जमलंच तर बसथांबा, सगळं सांगून मोकळी होतात. साठी ओलांडलेल्या, निवृत्त मराठी शिक्षिकेला हे संगीत आवडण्याचं एवढंच कारण आहे. मैत्रिणींना ते पटत नाही. त्यांच्या मते माझं ऐकू येणं कमी झालंय.

याची सुरुवात कशिद्याच्या रिंगमुळे झाली. आम्ही भूगावला राहतो. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा एका दुपारी दारात उभा. "काकू, तुमच्याकडं ती गोल रिंग असते ना, भरतकामाची? आणि एखादा जुना लांब मोजा, पातळ?" मला वाटलं, कॉलेजात हस्तकला आली. तर नाही. माइकसमोर धरायला चाळणी करायची होती. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, तो माइकवर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये धप्पदिशी आवाज येतो. मधे ताणलेलं पातळ कापड असलं की झोत अडतो आणि अक्षर तेवढं पुढं जातं. ओष्ठ्य वर्ण मी तीस-पस्तीस वर्षं शिकवले, पण त्यांचा इतका व्यवहारी उपयोग कुणी सांगितला नव्हता. पुढे त्याची गाणी ऐकल्यावर कळलं की चाळणी हवीच होती. मराठी शिव्यांमध्ये प-फ-भ यांचा वाटा मोठा आहे.

त्याचा स्टुडिओ म्हणजे कपाट. दार उघडं, आत हिवाळ्यातल्या गोधड्या टांगलेल्या, त्यात माइक, आणि गाणारा अर्धा आत, अर्धा बाहेर. गोधडीनं आवाज घुमत नाही म्हणे. बीट इंटरनेटवरून फुकट घेतलेलं. ते फुकट असल्याची खूण अशी की ऐन रंगात एक परदेशी बाई बीट बनवणाऱ्याचं नाव कुजबुजते. पैसे भरले की ती जाते. आमच्या मुलाकडे पैसे नव्हते, त्यामुळे 'बाप माझा शेतकरी' या अर्थाच्या ओळीनंतर ती बाई दर वेळी येऊन जाई.

रिंगच्या भाड्यापोटी त्यानं मला ऐकण्यासारखी नावं लिहून दिली. नवं संगीत असंच सापडतं, कुणीतरी हातात देतं तेव्हा. मोबाइलही देतो म्हणा, पण त्याला चव नाही. मी एक मराठी रॅप ऐकला तर तो मला स्नायू वाढवायची पावडर दाखवू लागला.

यादीत सगळ्यात वर एमसी स्टॅन. हा पुण्याचाच, ताडीवाला रोडचा. स्टेशनाजवळच्या ज्या रस्त्यानं आम्ही रिक्षात पर्स छातीशी धरून जात असू, तो रस्ता त्यानं देशभर पोचवला आणि 2023 साली 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला. त्याचे शब्द मला निम्मे कळतात. मर्ढेकरही पहिल्यांदा निम्मेच कळले होते. दुसरं नाव वाचून वाटलं, मुलानं चुकून वाहनाचा क्रमांक लिहिलाय: '100 आरबीएच'. हा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. सौ म्हणजे शंभर, उरला 'रभ'. इतका निर्मळ विनोद करून स्वतःचं बारसं करणाऱ्या माणसाला मी व्याकरणाच्या चार चुका माफ करते. तो वऱ्हाडीत सुटला की थांबत नाही. पुण्याच्या शुद्धलेखनाला वऱ्हाडातून बसलेली अशी चपराक ऐकताना गालाला बरं वाटतं.

मग 'स्वदेसी' ही मुंबईची टोळी. त्यातला एमसी मवाली मराठीत गातो. 2019 मध्ये त्यांनी आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आरेतल्या पाड्यावरचे आदिवासी गायक प्रकाश भोईर आहेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं रात्रीतून पडली. महादेव कोळी समाजातली माही जीसुद्धा यादीत होती; पोरगी आपल्या डोंगराबद्दल बोलते आणि आवाज चढवायची तिला गरज पडत नाही. पत्ता सांगण्यात धोकाही असतो. 2023 मध्येच राजकारणातल्या खोक्यांवरच्या गाण्यापायी राज मुंगासे या रॅपरवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. मोरोपंतांना ही अडचण आली नसावी.

या सगळ्याचा मूळ पत्ताही मी शोधून काढला, सवयच आहे. 1520, सेजविक अव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. 11 ऑगस्ट 1973. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्डी लावायला भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातल्या ज्या तुकड्यावर पोरं नाचतात तो तुकडा संपूच नये म्हणून तो त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून आलटून पालटून वाजवी. पुढचा इतिहास भावाच्या नावावर लिहिला गेला. कपड्यांचं काय झालं, ते मी अजून शोधतेय.

आता आमच्या पोराची अडचण. पत्ता सांगायचा, पण कोणता? कागदोपत्री आम्ही मुळशी तालुका. पण चांदणी चौक ओलांडला की प्रत्येक नवी इमारत स्वतःला इंग्रजी बाग म्हणवते आणि जाहिरातीत 'पुण्यापासून दहा मिनिटांवर' राहते. ही दहा मिनिटं भूगावच्या वाहतूककोंडीत कधी संपलेली मी पाहिली नाहीत. बरं, नुसतं 'मुळशी' म्हणावं तर 2018 पासून लोकांना एकच 'पॅटर्न' आठवतो. प्रवीण तरडे यांच्या सिनेमानं विकलेल्या जमिनीची खरी गोष्ट सांगितली, लोकांनी त्यातली पिस्तुलं तेवढी लक्षात ठेवली. पोरानं 'मुळशी' शब्द उच्चारला की मित्र लगेच बीटमध्ये गोळीचा आवाज टाकतो. "काकू, आमच्याकडं आंबेमोहोर पिकायचा," तो वैतागून म्हणाला, "त्याचा आवाज कुठून आणू?"

खरं तर या तालुक्याइतकं पत्त्याचं दुखणं कुणाला माहीत असणार? 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, तरी टाटांचं धरण झालं आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. ते पाणी आजही भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि वीज मुंबईला जाते. म्हणजे मुंबईच्या गल्लीतल्या रॅपरच्या माइकमध्येही आमच्या मुळा नदीचा थोडा करंट असणार. मानधनाचं मात्र कुणी बोललेलं नाही.

एकदा तो यमक मागायला आला. "गुंठ्याला काहीतरी द्या." त्याच्या गाण्याचा विषय जमीन होता, आणि एका गुंठ्यात 1089 चौरस फूट बसतात हे त्याला पाढ्यासारखं पाठ. घरचे एकर असेच गुंठ्यागुंठ्यानं गेले. मी म्हटलं, खुंटा. "गुरं बांधायचा?" म्हटलं, तोही चालेल, पण जात्याचाही असतो. त्यानं जातं फक्त रिसॉर्टच्या दारात, झेंडू लावलेलं पाहिलं होतं.

मग मी त्याला माझी यादी दिली, एका नावाची: जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ या दोघांनी 1980च्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. ते काम हजाराहून अधिक गावांपर्यंत पसरलं आणि ओव्या लाखावर गेल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या 2017 पासून येताहेत. आपल्याच तालुक्यातल्या नांदगावच्या बायका त्यात गाताना दिसतात. रॅप म्हणजे आपला पोवाडा, असं सभेत ठोकून देणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पोवाडा गाणाऱ्याला फड असतो, डफ असतो, समोर माणसं असतात. या पोराच्या कपाटाशी जुळतं ते पहाटेचं माजघर. ऐकायला कुणी नाही, बीट दगडाचं, विषय सासूचा, नवऱ्याच्या दारूचा, सीतेचा, बाबासाहेबांचा. आणि मधूनमधून ठणकावून सांगितलेलं गाव, बहुतेकदा माहेरचं. कंपनी नाही, करार नाही. पिठाची गिरणी आली आणि कारखानाच बंद पडला.

ऐकून तो गप्प झाला, मग म्हणाला, "काकू, यात एक बाई सासूला डिस करतेय." मी म्हटलं, सगळ्याच करतात.

त्याची आजी गावाहून राहायला आली तेव्हा त्यानं तिला आपलं गाणं ऐकवलं. मला बोलवायला मुद्दाम खाली आला, परीक्षक म्हणून असावं. आजींनी पदर सावरून शेवटपर्यंत ऐकलं. ती कुजबुजणारी बाई आली तेव्हा "ही कोन?" एवढंच विचारलं. संपल्यावर म्हणाल्या, "येवढं बिगीबिगी कशापायी म्हनतोस रं? दळान सांडतंय का कुठं?" मग कुणी न सांगताच बसल्या जागी उजवा हात गोल फिरवत दोन ओव्या म्हटल्या. पहिलीत भाऊ होता, दुसरीत भावजय, आणि भावजयीची धडगत नव्हती. पोरगा मोबाइल घेऊन धावला. "आजी, परत म्हण. माझ्या गाण्यात घेतो. तुझं नाव पण टाकतो."

"नाव ऱ्हाऊं दे. गाव घालशील का?"

"घालतो की. आपलं गाव आहेच त्यात."

"ते तुज्या आज्याचं. माजं म्हायार घाल. धामणओहोळ."

लवासाच्या पलीकडचं हे गाव. पोरानं मांडीवर ठेका धरला, दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा 'ओहोळ' गिळून पाहिलं. आजींनी डोळे वटारले. तो माझ्याकडे वळला. "काकू, बसत नाहीये. चार ठोक्यांत मावतच नाही. 'धामण'वर थांबलं तर चालेल?"

"थांबतोस कशाला?" आजी म्हणाल्या. "गानं लांबव."