सिंह, बिबट्या आणि घटक चाचणी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मगरींना चुकवत नदी पार करणारे ते हजारो विल्डबीस्ट दक्षिण आफ्रिकेत दिसत नाहीत. ते टांझानियाच्या सेरेंगेटीत आणि केनियाच्या मसाई मारात असतात. जोहान्सबर्गहून नैरोबी विमानाने चार तास लांब आहे. तरीही ‘मिशन आफ्रिका’ नावाच्या कुठल्याही कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला व्हिडिओ पडतो त्या नदीचा आणि पहिलं बुकिंग होतं केपटाऊनचं.

मग तारखा. क्रुगर, एटोशा, ह्वांगे, चोबे, कुठेही जा. प्राणी सगळ्यात नीट दिसतात ते तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. गवत वाळलेलं, पानं गळलेली, पाणी मोजक्या ठिकाणी उरलेलं आणि तहान सगळ्यांना. नेमकी तेव्हा आपल्या घरात घटक चाचणी असते. म्हणून आफ्रिका खंडाला आपल्यासाठी दोनच ऋतू आहेत : मे आणि दिवाळी. मेमध्ये व्हिक्टोरिया धबधबा असा कोसळत असतो की तुषारांमुळे तोच धड दिसत नाही. पण झुडपं अजून हिरवी असतात आणि सिंह गाडीपासून दहा फुटांवर असला तरी गवताच्या ताब्यात असतो. दिवाळीत उलट. प्राणी पाण्याला चिकटलेले, झांबेझीच्या खोऱ्यात ऊन चाळिशीला टेकलेलं आणि झांबियाच्या बाजूने पाहिलं तर धबधब्याच्या जागी बराचसा कोरडा कडा. भरलेला धबधबा आणि गजबजलेला पाणवठा एकाच सुट्टीत मिळतील अशी सोय निसर्गाने केलेली नाही. हे काकांना सांगितलं की ते म्हणतात, ‘‘अरे, एजंट दोन्ही दाखवतो म्हणालाय.’’ दाखवेल की. कड्याचे पैसे वेगळे घेणार नाही, एवढंच.

कार्यक्रमपत्रिकेकडे वळू. नऊ रात्रींत केपटाऊन, गार्डन रूट, शहामृगांचं फार्म, सन सिटी, व्हिक्टोरिया फॉल्स आणि शेवटून दुसऱ्या ओळीत : ‘क्रुगर, एक रात्र, सफारीचा थरार’. आपलं ताडोबा बफरसकट सुमारे १,७०० चौरस किलोमीटर. क्रुगर १९,४८५. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. आत डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा आहे, नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय बाहेर काढायचा नाही, आणि मे ते जुलै फाटकं संध्याकाळी साडेपाचला बंद. उशीर केलात तर दंड. जोहान्सबर्गहून तिथे पोचायलाच पाच तास जातात आणि तेवढेच परतताना. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात जंगलाची एक संध्याकाळ आणि एक सकाळ पदरात पडते. सिंह बघायला गेलेला माणूस बघतो मुख्यतः टोलनाके.

गंमत म्हणजे सन सिटीला लागूनच पिलानेसबर्गचं अभयारण्य आहे. सिंह, हत्ती, गेंडे, सगळे हजर. शिवाय मलेरिया नाही. पण ते पत्रिकेत नसतं, कारण त्या वेळात कृत्रिम लाटांत डुंबायचं असतं. क्रुगर मात्र मलेरियाच्या पट्ट्यात येतं. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा म्हटलं, तर ग्रुपवर उत्तर येतं : ‘‘आम्ही मुंबईत राहतो. मलेरियाचं आम्हाला काय सांगता?’’

बॅगांचं प्रकरण त्याहून गमतीचं आहे. कोणाकडे जरा जास्त पैसे असले की यादीत बोत्सवानाचा ओकावांगो येतो. बोत्सवानाने ठरवूनच ठेवलंय : माणसं थोडी, दर चढे. तिथल्या बहुतेक मुक्कामांना सेस्नासारखं चिमुकलं विमान नेतं, आणि सामान म्हणजे माणशी वीस किलो. कॅमेरा आणि खांद्यावरची पिशवी त्यातच धरायची. बॅगही मऊ हवी. विमानाच्या पोटातला कप्पा एवढासा असतो की कडक सूटकेस आत जातच नाही. इकडे चार चाकांच्या सूटकेसमध्ये दहा किलो चिवडा, ठेपले आणि पाणी घातलं की होणारे पोहे. विमानतळावर कोणाला मागे ठेवायचं यावर मतदान झालं तर पोहे निवडून येतील आणि काका राहतील.

कपड्यांचंही ऐका. ताडोब्याला जाताना घेतलेलं ते लष्करी ठिपक्यांचं जॅकेट आणि तसलीच टोपी घरीच ठेवा. झिंबाब्वे आणि झांबियात सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालणं हा गुन्हा आहे. बिबट्यापासून लपायला घातलेल्या कपड्यांत पोलिसांना सापडाल. त्याऐवजी माकडटोपी घ्या. जुलैतल्या पहाटे उघड्या जीपमध्ये बसल्यावर ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ हा समज पाच मिनिटांत गार पडतो.

आता ते पाच प्राणी. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. ही यादी शिकाऱ्यांची. पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे कोण, असा तिचा हिशेब. बंदूक गेली, यादी राहिली, आणि आता आपण ती रेशनकार्डासारखी गाईडपुढे धरतो. चार झाले, बिबट्या राहिलाय, चला लवकर. अशा घाईत रस्त्याकडेला रानकुत्र्यांचा कळप आडवा होतो. सगळ्या आफ्रिकेत मिळून ते काही हजारच उरलेत. गाईडचा आवाज कापतो, तो इंजिन बंद करतो. मागून आवाज येतो : ‘‘कुत्रे आहेत ते. पुढे घ्या.’’

यादीच पुरी करायची असेल तर सोपा उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेच्या दहाच्या नोटेवर गेंडा आहे, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, शंभरवर रानम्हैस आणि दोनशेवर बिबट्या. पाचही मिळून ३८० रँड. विमानतळावरच काम होतं, मलेरियाची गोळीही लागत नाही.

ज्यांना खरंच प्राणी बघायचेत त्यांनी पत्रिकेतली निम्मी गावं खोडावीत आणि एकाच जंगलात निदान तीन रात्री काढाव्यात. माझं मत विचाराल तर नामिबियातल्या एटोशात, ओकाउकुएयो कॅम्पवर. कॅम्पच्या कुंपणालगतच पाणवठा आहे. अलीकडे बुटकी भिंत आणि बाकडी, पलीकडे पाण्यावर रात्रभर दिवे. जीप नाही, गाईड नाही, वेगळं तिकीट नाही. खोलीतून चालत यायचं आणि बसायचं. हत्ती येऊन जातात, जिराफ पुढचे पाय फाकवून अर्धा तास विचार करून मग वाकतो, आणि पुष्कळदा रात्री काळा गेंडाही येतो. क्रुगरमध्ये दिवसभर गाडी हाकूनही तो सहसा भेटत नाही.

ग्रुपवर हे टाकलं तेव्हा प्रश्न आला, ‘‘पण तिथे करायचं काय?’’ त्याखाली अकरा अंगठे.

तरी कोणी गेलंच, तर एक सूचना. त्या बाकड्यांवर कुजबुजही लोकांना खपत नाही. चिवड्याचं पाकीट खोलीतच फोडून न्या.