उमेकाठचं नौदल

मूलमध्ये बसून नौदलाचं विमान बांधावं, याला तसं कारण काहीच नाही. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेतही सातशे किलोमीटरांच्या पलीकडे. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे मामा तलाव, आणि लाटा म्हणाल तर धानाच्या बांधीत वारा शिरला की उठतात तेवढ्याच. तरीही सुटीच्या दुपारी माझ्या टेबलावर सी हॉकचे राखाडी तुकडे पसरलेले असतात. पलीकडच्या राइस मिलचा कोंडा खिडकीतून तरंगत येतो आणि पंखावरच्या ओल्या रंगावर नेमका उतरतो. हलत्या जहाजावर विमान उतरवणाऱ्या वैमानिकानं हेवा करावा, इतकी त्याची अचूकता असते. फरक एवढाच, की वैमानिक पुन्हा उडतो. कोंडा कायमचा मुक्कामाला येतो.

हे प्लास्टिकचं जग एकास बहात्तर या मापाचं आहे. सहा फूट म्हणजे एक इंच. बारा मीटरांचं सी हॉक त्यात सतरा सेंटिमीटरांचं होतं आणि वैमानिक इंचाएवढा. माझी स्वतःची उंची या हिशेबात इंचालाही पुरत नाही, आणि कचेरीतल्या बऱ्याच गोष्टी त्यामुळे एकदम सोसण्याजोग्या वाटू लागतात. मोहाला मात्र माप नसतं. जिच्या धावपट्टीवर ही विमानं उतरायची ती ‘विक्रांत’ही बांधावी, असं मनात आलं होतं. ती २१३ मीटरांची. आमच्या मापात जवळजवळ तीन मीटर. बैठकीत ती नांगरायची तर दिवाण हलवावा लागेल, आणि दिवाणावर दुपारी आबा निजतात. भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेला आमच्या घरी बंदर मिळालं नाही ते असं.

पुढे एक चाक आणि मागे दोन, अशा विमानाच्या नाकात वजन भरलं नाही तर ते रुसलेल्या जावयासारखं मागे रेलून शेपटीवर बसतं. किटबरोबर आलेल्या कागदावर ‘नाकात वजन घाला’ एवढंच असतं; वजन कुठून आणायचं ते ज्याचं त्यानं पाहावं. मी तलावावरच्या ढिवरमामांकडून जाळ्याचं शिसं मागून आणलं. त्यांनी विचारलं, “कोनती मासोळी धरता जी?” विमानाच्या नाकात घालायचं आहे म्हटल्यावर ते क्षणभर थांबले, आणि आणखी दोन मणी माझ्या तळहातावर ठेवले. विमान आहे, कमी पडायला नको, हा त्यांचा हिशेब होता. सी हॉकमधला रोल्स-रॉइसचा नीन हा जेट इंजिनांतला नामवंत. पण आमचं विमान चाकांवर उभं आहे ते मामांच्या शिशामुळे.

विमान रंगवताना मन हमखास १९७१ पर्यंत जातं. त्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या बॉयलरला तडे गेले होते, वेग पूर्ण मिळत नव्हता, तरी ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. आता आमची उमा नदी पाहा. उन्हाळ्यात ती इतकी बारीक होते, की तिला नदी म्हणणं हा केवळ आदर उरतो. पण तिचं पाणी वैनगंगेत, मग प्राणहितेत, मग गोदावरीत जाऊन शेवटी त्याच उपसागराला मिळतं. म्हणजे सी हॉकच्या पोटाखाली पसरलेल्या त्या समुद्रात घोटभर पाणी मूलचंही होतं. शिवाय ही विमानं उडवणाऱ्या आयएनएएस ३०० या स्क्वाड्रनचं बोधचिन्ह झेप घेणारा पांढरा वाघ. ताडोबा हाकेच्या अंतरावर असलेल्या आम्हांला वाघाचं नवल नाही. पण भिजवून अलगद चिकटवायचा, तांदळाच्या कणीएवढा वाघ मात्र चिमट्याच्या टोकावर पाहून श्वास रोखावा लागतो. भीती इथेही निसटण्याचीच, फक्त इथे तो आपल्या हातून निसटायचा असतो.

खरा प्रश्न पंखांचा निघाला. जहाजावर दाटी फार, म्हणून नौदलाच्या विमानांना पंख मिटता येतात. एवढा मोठा पसारा असलेला जीव उतरल्यावर शहाण्यासारखा स्वतःला आवरून घेतो, ही गोष्ट मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे. चार खोल्यांत तीन पिढ्या नांदवणाऱ्या घराला ती निराळी समजावून सांगावी लागत नाही. “मिटूनच ठेवा, शोकेसमध्ये दिवाळीचे कप पण राहायचे आहेत,” ही म्हणाली. जहाज बांधणाऱ्यांनी आकडेमोड करून काढलेला निष्कर्ष हिनं फडकं मारता मारता काढला होता. आबांचं मत उलट. एकाहत्तरच्या बातम्या त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलेल्या. त्यांनी विमान डोळ्यांजवळ धरलं. “हे उडते का?” “नाही आबा.” “मंग पंख तरी उघडे राहू दे ना त्याचे.”

दोघांचंही खरं होतं, म्हणून मी पंखांना गोंद लावलाच नाही. नुसते खाचेत अडकवले. आता सकाळी चहा झाला की आबा पंख पसरतात, आणि दिवेलागणीला ही ते मिटून कप जागेवर लावते. एकमेकांना कुणी काही बोलत नाही. १९८३ साली नौदलातून निवृत्त झाल्यापासून इतक्या नेमानं सेवेत असलेलं सी हॉक दुसरं नसावं.