माशांचा तिसरा पाइप

घरातल्या प्रवाळटाकीला हौशी लोक खालच्या टाकीत पाणी उतरवणारे तीन पाइप बसवतात. पहिला काठोकाठ भरून मुकाट वाहतो, दुसरा उरलंसुरलं घेतो आणि तिसरा कायम कोरडा. पहिला तुंबलाच तर म्हणून. शिवाय वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा खालच्या टाकीत मोकळी ठेवायची. चार माशांसाठी केवढी ही दूरदृष्टी!

आमच्या सोलापुरात उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, तेही काही दिवसांआड. आलं की गच्चीवरच्या टाकीचा एकुलता एक ओव्हरफ्लो खालच्या स्कूटरच्या सीटवर धो धो. घरमालक मोटार लावून झोपलेले. मालक, प्रवाळ राहू द्या. मोटारीला फ्लोट स्विच तेवढा बसवून घ्या.