अज्ञात इसम, मुक्काम पोस्ट अमुक

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना भिंतीवर बदाम दिसला की आम्ही थांबून वाचतो. बदामात बाण, बाणाच्या दोन टोकांना दोन नावं, खाली गाव आणि तारीख. उत्साही वीर मोबाइल नंबरही देतात. एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्याला शोधायचं तरी कुठे? म्हणून बिचारा कायम ‘अज्ञात इसम’च राहतो.

कायदा मात्र जागा आहे. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होता. बदाम थांबेनात. मग २०१०मध्ये दुरुस्ती झाली: दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शून्यं वाढली, बदामही वाढले. शून्याचं म्हणाल तर ग्वाल्हेरला त्याचं कौतुक जुनंच. वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६चा शिलालेख आहे. त्यातल्या २७० आणि ५० मधली शून्यं बघायला लांबलांबचे गणिती येतात. ती कोरणाऱ्याने निदान बागेचं माप आणि देवाच्या रोजच्या माळांचा हिशेब तरी लिहिला. आमच्या बदामवीराला ‘आय लव्ह यू’सुद्धा धड लिहिता येत नाही.

आणि हे सगळे कॉलेजकुमार असतात असं समजू नका. बाप किल्लीने खरवडतो, आई फोटो काढते, पोरगं ‘माझंपण नाव’ म्हणून भोकाड पसरतं. घरी याच पोराने नव्या डिस्टेंपरवर खडूची रेघ ओढली तर कानफटात बसते. इथला दगड शेकडो वर्षांचा, पण तो सरकारी. म्हणजे कुणाच्या बापाचा नाही! उलट तटाखालच्या गरिबाने शंभर मीटरच्या आत बेकायदा न्हाणीघर बांधलं तर त्यालाही हीच दोन वर्षं आणि हाच लाख. न्हाणीघर पळून जात नाही, त्यामुळे ते लगेच सापडतं. बदामवाला तोवर संध्याकाळच्या गाडीने झाशीला पोचलेला असतो. संताप येतो तो याचा!

आमची नम्र सूचना: लाखाचा दंड राहू द्या. बदामाचा फोटो काढून ठेवा आणि वीराचं लग्न ठरलं की साखरपुड्यात होणाऱ्या सासऱ्यांच्या हातात द्या. दुसरं नाव त्यांच्याच मुलीचं असेल तर आहेर समजावा. नसेल तर पुढची कारवाई सासरे बघतील. त्यांच्याकडे तारीख पे तारीख नसते.