लंडनच्या सिटीतील पेढ्या आणि मावशी : सिरसाळ्यास पत्र

ती. दादा आणि ती. आई यांस,

सिटी ऑफ लंडन हा लंडनचा जुना गाभा. क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मैल. कायम राहणारे लोक काही हजार, तर कामाला येणारे पाच लाखांवर. शनिवार-रविवारी बऱ्याच गल्ल्यांत शुकशुकाट असतो. परंतु बँक ऑफ इंग्लंडचे संग्रहालय सोमवार ते शुक्रवारच उघडे असल्याने जाणत्यांनी रजा टाकून मधल्या वारी जावे. परीक्षा उत्तीर्ण होऊन बिल्ला मिळवलेला गाईड ही पेढ्यांची वस्ती पायी फिरवून दाखवतो. फेरीला दोन तास लागतात. सोबत बीडच्या सिरसाळ्याहून आलेल्या मावशी असल्यास तीन धरावेत, कारण त्यांचे प्रश्न गाईडपर्यंत भाच्यामार्फत जातात आणि उत्तरेही त्याच वाटेने परततात.

आरंभ बँक नावाच्याच चौकात होतो. समोर घोड्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. गाईड वॉटर्लू सांगतो. असई मराठवाड्याच्या माणसाने स्वतःच आठवायची असते. १८४४ चा हा पुतळा फ्रेंचांच्या तोफा वितळवून केलेला आहे आणि घोड्याला रिकिबी नाहीत. रिकिबीविना बसलेला माणूस लढाईला नव्हे, घोड्याला पाणी पाजायला निघालेला असतो, असे मावशींनी नोंदवले.

शेजारची बिनखिडक्यांची लांबलचक भिंत बँक ऑफ इंग्लंडची. ही बँक १६९४ मध्ये निघाली ती गिऱ्हाइकांच्या ठेवी सांभाळण्यासाठी नव्हे, तर सरकारला कर्ज देण्यासाठी. राजा तिसऱ्या विल्यमला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. व्यापाऱ्यांनी बारा लाख पौंड जमवून वर्षाला आठ टक्क्यांनी दिले; गावच्या भाषेत शेकडा महिना सत्तर पैशांहूनही कमी. एवढ्या स्वस्त दरामुळे मावशींना संशय आला आणि तारण काय होते, अशी पृच्छा झाली. कर्जासाठी जहाजांवरचा आणि बिअर-दारूवरचा कर बांधून दिला होता. दारूवर सरकार चालवण्याची पद्धत एवढी जुनी असल्याचे ऐकून त्यांचे समाधान झाले. जुनी इमारत जॉन सोन या वास्तुविशारदाची. १९२५ ते १९३९ या काळात ती पाडून हर्बर्ट बेकर यांनी नवी बांधली. दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती बांधणारे बेकर तेच. सोन यांची बाहेरची भिंत तेवढी राहिली.

तळघरात सोन्याच्या सुमारे चार लाख विटा आहेत. त्या पाहता येत नाहीत. मात्र संग्रहालयात जाड पारदर्शक पेटीत एक वीट ठेवलेली असते. पेटीला हात जाईल एवढेच भोक. त्यातून एका हाताने वीट उचलून पाहायची. वजन तेरा किलोंच्या आसपास. वीट आडवी असल्याने मनगट वळते आणि बरेचसे पुरुष 'उगाच हात लावून पाहिला' असा चेहरा करून बाजूला होतात. मावशींनी बांगड्या मागे सारल्या, वीट उचलली, क्षणभर तोलली, जागेवर ठेवली आणि घडणावळ किती धरतात ते विचारले. भाच्याने हा प्रश्न गाईडपर्यंत पोहोचवला नाही.

रस्त्यापलीकडे रॉयल एक्स्चेंज. टॉमस ग्रेशम या व्यापाऱ्याने व्यापाऱ्यांना सौदे करायला छप्पर दिले आणि १५७१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याचे उद्घाटन केले. ते १६६६ च्या मोठ्या आगीत जळले, पुन्हा बांधलेले १८३८ मध्ये जळले. आजचे तिसरे, १८४४ चे. आता आत उंची घड्याळांची आणि दागिन्यांची दुकाने आहेत, म्हणून कुटुंबाने ते बाहेरूनच पाहिले. शिखरावर सोनेरी नाकतोडा आहे, ग्रेशम घराण्याचे चिन्ह. पिकाची नासाडी करणाऱ्याला बाजाराने कळसावर बसवावे, यावर मावशी काही बोलल्या नाहीत. फक्त मान हलवली.

खरी मजा पुढच्या बोळांत आहे. सेंट मायकल्स ॲलीत १६५२ मध्ये पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने लंडनचे पहिले कॉफीगृह काढले. जवळच्या चेंज ॲलीत जोनाथन्स हे आणखी एक. रॉयल एक्स्चेंजमध्ये फार गलका करतात म्हणून शेअरदलालांना तिथून जावे लागले, ते इथे येऊन बसू लागले. १६९८ पासून जॉन कास्टेंग हा दलाल इथूनच शेअरांचे आणि मालाचे भाव छापून काढू लागला. लंडन स्टॉक एक्स्चेंजचे मूळ ते. मुंबईत दलाल वडाखाली जमत आणि १८७५ मध्ये त्यांची संस्था झाली. तिथे निदान सावलीला पैसे पडत नव्हते. याच बोळात १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा शेअर जानेवारीतल्या सुमारे १२८ पौंडांवरून उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि शरदात कोसळला. गुरुत्वाकर्षण सांगणाऱ्या न्यूटननेही त्यात पैसे घालवले. वर गेलेली वस्तू खाली येते हे त्याला इतरांपेक्षा आधी ठाऊक असायला हवे होते.

कॉफीतूनच विमाही निघाला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि जोखीम उचलणारे धनिक बसत. त्याचेच पुढे लॉइड्स झाले. लाइम स्ट्रीटवरील त्यांच्या १९८६ च्या इमारतीचे नळ, जिने, लिफ्टा सगळे भिंतीबाहेर आहे. पाइप गळला तर भिंत फोडावी लागणार नाही, हा मावशींचा निष्कर्ष. वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांचाही हेतू तसाच होता. आत १७९९ मध्ये बुडालेल्या लूटीन जहाजाची घंटा आहे. पूर्वी जहाज बुडाल्याची बातमी आली की एक टोला, बेपत्ता जहाज परतले की दोन. पंचनामा कोण करतो, हा प्रश्न इथे अपेक्षित होता आणि तो आला. गाईडने पंचनामा समजून घेतला. त्या बदल्यात त्याला बीड पॅटर्न सांगण्यात आला : २०२० च्या खरिपापासून जिल्ह्याच्या पीक विम्यात भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्य सरकारवर, आणि भरपाई फारच कमी निघाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले परत करायचे. गाईडने हे वहीत टिपले. लॉइड्सच्या दारात उभे राहून बीडने विमा शिकवल्याची ही घटना दादांनी चावडीवर जरूर सांगावी.

लॉइड्स उभे आहे त्या जागी ईस्ट इंडिया हाउस होते. १६०० मध्ये सनद मिळालेल्या कंपनीचा हिंदुस्थानचा कारभार इथून चाले. इमारत १८६१ च्या सुमारास पाडली. गाईड या जागेला दोन मिनिटे देतो, मराठी माणसाने जास्त द्यावीत. १८३९ मध्ये कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत केले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला लंडनला आले आणि १८५३ पर्यंत कंपनीच्या दारात खेटे घालत राहिले. अर्ज, छापील पत्रके, भागधारकांच्या सभांतली भाषणे, सगळे झाले. दरम्यान १८४७ मध्ये अशील काशीत वारले, १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले. वकील तरी हटले नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आहे. निकाल विरुद्ध गेला, हे मावशींना सांगावे लागले. घरच्या बांधाच्या दाव्याचे वय त्यांनी बोटांवर मोजले आणि रंगो बापूजींनी घाई केली, असे मत दिले.

फेरी लेडनहॉल मार्केटात संपते. १८८१ चे रंगीत लोखंडी छत, फरसबंदी गल्ल्या आणि हॅरी पॉटरच्या सिनेमातले एक दार. मुलांना संपूर्ण फेरीत तेवढेच आवडले. तिथल्या कॉफीचा भाव मावशींना रुपयांत सांगू नये, पुढचा अर्धा तास वाचतो. बँक स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे.

सोयाबीनच्या विम्याची मुदत तेवढी बघावी. कळावे.