लाल रंग कुणासाठी?

मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. जूनमध्ये कबाबांचीही पाळी आली. म्हैसूरच्या गाडीवाल्यांना आता फुलकोबी फुलकोबीच्या रंगात विकणे भाग आहे.

कुत्र्याच्या खाऊच्या पिशवीत मात्र रंगपंचमी बारमाही. लाल दाणा म्हणजे मांस, हिरवा म्हणजे पालेभाजी, असा मालकाचा भाबडा समज. आणि गंमत म्हणजे कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड दिसतही नाही. मग हा नटवा दाणा कुणाला भुलवण्यासाठी? पाकीट ज्याच्या खिशात, त्यालाच.

कायदाही मोठा सोवळा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणजे म्हैसूरच्या चेलुवांबा महालात १९५० पासून अन्नसंशोधन करणारी सीएफटीआरआय ही संस्था ज्या गावात आहे, तिथेही आमचा कुत्रा मोती जे खातो ते या कायद्याच्या लेखी अन्न नव्हेच!

उगाच भीती कशाला, म्हणाल. २००७ साली अमेरिकेत खाद्यातली प्रथिने कागदोपत्री फुगावीत म्हणून चिनी गहू-ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले, तेव्हा कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. खवटपणा रोखणाऱ्या इथॉक्सिक्विनची पशुखाद्यातली परवानगी युरोपीय संघाने २०१७ मध्ये स्थगित केली. सगळीच परिरक्षके विषारी नसतात, हेही खरे. पण कुठले किती घातले, ते पिशवीवर वाचायला भिंग लागते.

मोतीने परवा ती पिशवी हुंगली आणि शेजारच्या काकूंकडे दहीभात खायला गेला.