झरीमार्गे जिंतूर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीत उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवले जाते. यात जर्मनी कुठून आली, असे विचारले की ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हा दुसरा दाखला हजर. पुण्याहून आलेल्या एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी दोन्ही वहीत टिपून घेतले. मग त्यांनी मोठ्या आदराने ‘परभणी क्रांती’ची चौकशी केली. निजामाविरुद्धचा एखादा लढा असणार, हा त्यांचा होरा.

ती भेंडी निघाली.

१९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेली ही जात केवडा रोगाला दाद देत नाही म्हणून गाजली. निजामाचे राज्य १९४८ लाच संपले होते. पुढची क्रांती भेंडीनेच करायची राहिली होती.

जिंतूरच्या एसटीने गृहस्थ झरीला उतरले. झरी परभणी तालुक्यातच, महसूल मंडळाचे गाव.

“इथं ऐतिहासिक काय आहे?”

“चहा,” हॉटेलवाला म्हणाला. “लेण्या पाहायला जायलात ना? त्या जिंतूरला. बोरी गेली की पुढं. तवर बसा निवांत.”

बसले. दुसरा कपही झाला. तालुक्यात टाकळी कुंभकर्ण नावाचे गाव आहे म्हटल्यावर घाई करण्यात अर्थही नव्हता.

जिंतूर हे तालुक्याचे ठिकाण. जुने नाव जैनपूर, असे परंपरा सांगते. गावापासून जवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत आणि त्यांची दारे इतकी बुटकी, की कोणापुढे न वाकणारा पुणेकरही तिथे मुकाट वाकतो. आत मात्र भव्य तीर्थंकरमूर्ती. एवढ्याशा दारातून ही मूर्ती आत आणली कशी, हे कोडे गृहस्थांना बराच वेळ सुटेना. आणलीच नव्हती, डोंगरच आतून कोरला होता. पार्श्वनाथांची अवजड मूर्ती तर इवल्याशा दगडावर टेकलेली आहे. ती पाहून गृहस्थांनी आपले पोट नकळत आत घेतले.

येलदरीचे पूर्णेवरचे धरण १९६८ चे. तिथे फोटो काढून झाले.

खरा ऐवज जिंतूर तालुक्यातल्याच चारठाण्यात आहे. यादवकालीन मंदिरे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी बारव, नक्षीने मढलेला उंच स्तंभ, आणि हे सगळे गावाच्या नित्याच्या धबडग्यात. पुण्याजवळ असा एक खांब असता, तर एव्हाना तिकीटखिडकी, वाहनतळ आणि चार मिसळीची दुकाने उभी राहिली असती. इथे खांब उभा आहे, हेच पुष्कळ मानायचे. जर्मनीशी बरोबरी सांगणाऱ्या जिल्ह्याने चारठाण्याच्या नावाने एखादी म्हण का केली नाही, हे नवलच.

जाणार असाल तर मुक्काम जिंतूरला करा. जिंतूरला रेल्वे नाही, तेव्हा परभणीला उतरून एसटी धरा. आणि झरीला चहा घ्या.